लिंबाच्या रोपावरची अळी मारू नका: उन्हाळ्यातल्या फुलपाखरू बागेत नक्की काय चालतं?

एप्रिल-मे महिना आला की गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो हमखास येतो. कुंडीतलं लिंबाचं रोप, पानांच्या कडा कुरतडलेल्या आणि पानावर पाखराच्या शिटेसारखं काहीतरी चिकटलेलं. खाली प्रश्न असतो, "हा कोणता किडा? काय फवारू?" दहा मिनिटांत उत्तरं येतात. कुणी कडुनिंबाचं तेल सांगतं, कुणी तंबाखूचं पाणी, कुणी थेट दुकानातल्या औषधाचा फोटो टाकतं.

त्याच ग्रुपवर आठवड्याभराने दुसरा प्रश्न येतो. "आमच्याकडे फुलपाखरं येतच नाहीत. कोणती फुलझाडं लावू?"

या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे. पाखराच्या शिटेसारखी दिसणारी ती गोष्ट म्हणजे लाइम बटरफ्लाय किंवा त्याच्याच कुळातल्या एखाद्या फुलपाखराची कोवळी अळी. पक्ष्यांनी खाऊ नये म्हणून ती तशी दिसते. थोडी मोठी झाली की कात टाकून हिरवीगार होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी रंगाचं दोन टोकांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तिला मारलं, तर कितीही फुलं लावा, तुमच्या बागेत जन्मलेलं फुलपाखरू तुम्हाला दिसणार नाही.

फुलं फुलपाखरांना बोलावतात. पण मुक्कामाला ठेवतात ती पानं. उन्हाळ्यात हा फरक जास्तच जाणवतो.

उन्हाळ्यात फुलपाखरं कमी का दिसतात?

महाराष्ट्रात फुलपाखरं सर्वाधिक दिसतात ती पावसाळ्याच्या शेवटी आणि त्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत. सप्टेंबर ते नोव्हेंबर हा त्यांचा सुगीचा काळ. ठाण्याला घोडबंदर रस्त्यावरच्या ओवळेकर वाडीसारख्या फुलपाखरू उद्यानात जायचं, तर माहीतगार लोक याच दिवसांत जायला सांगतात.

मार्चनंतर चित्र बदलतं. गवत वाळतं, छोट्या वेली जमिनीलगत मरतात, पानं जून आणि चिवट होतात. अळीला कोवळं पान लागतं. ते नसेल तर मादी अंडी घालत नाही. काही जातींचे कोष महिनोन्महिने पावसाची वाट बघत थांबतात. दक्षिण भारतात तर ब्लू टायगर आणि कॉमन क्रो यांसारखी फुलपाखरं पावसाळ्याच्या तोंडावर सह्याद्रीतून पूर्वेच्या मैदानांकडे मोठ्या संख्येने स्थलांतर करतात आणि पावसाळ्यानंतर परततात.

उरलेली फुलपाखरं वेळ बदलतात. फुलपाखराच्या शरीराचं तापमान बाहेरच्या हवेवर अवलंबून असतं. म्हणून हिवाळ्यात ती उन्हात पंख पसरून बसतात आणि मे महिन्यात दुपारी पानाखाली दडतात. सकाळी अकराच्या आत आणि मग चार-साडेचारनंतर बागेत या. दुपारी दीड वाजता खिडकीतून बघून "एकही नाही" म्हणण्यात अर्थ नाही.

काहींचा तर वेशच बदलतो. इव्हनिंग ब्राउन नावाचं तपकिरी फुलपाखरू संध्याकाळी दिव्याजवळ घरात शिरतं. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखांच्या खालच्या बाजूला डोळ्यांसारखे गोल ठिपके असतात. कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीत ते जवळजवळ नाहीसे होतात आणि पंख मिटले की फक्त एक वाळकं पान दिसतं. जमिनीवर सगळीकडे पाचोळा असताना हाच वेश कामाचा.

पण याच दिवसांत एक गोष्ट फुलपाखरांच्या बाजूने घडते. पहिल्या पावसाच्या आधीच आपल्याकडच्या बऱ्याच झाडांना नवी पालवी फुटते. करंज चकाकत्या पोपटी पानांनी भरतो. बहाव्याला पिवळ्या घोसांबरोबर कोवळी पानं येतात आणि कॉमन एमिग्रंटच्या माद्या त्या पानांभोवती घिरट्या घालायला लागतात. बागेतही हे घडवून आणता येतं. कढीपत्ता मार्चमध्ये थोडा छाटला आणि पाणी दिलं की त्याला महिनाभरात कोवळी पालवी येते. मग कॉमन मॉर्मनची मादी तो शोधत येतेच.

रुई: एक झुडूप, अख्खी वस्ती

उन्हाळ्यात बागेत एकच रानटी झाड ठेवायची परवानगी असेल, तर मी रुई निवडेन. रस्त्याच्या कडेला, पडीक जागेत, कुणी पाणी न घालता ती वाढते आणि भर मे महिन्यात फुलते. सोसायटीच्या कुंपणाशी उगवलेली रुई "तण" म्हणून पहिल्यांदा उपटली जाते, ही तिची शोकांतिका.

रुईचं पान तोडलं की पांढरा चीक येतो. तो विषारी असतो, त्यामुळे गुरं सहसा रुईला तोंड लावत नाहीत. पण प्लेन टायगर, म्हणजे मराठीत बिबळ्या कडवा, या फुलपाखराची अळी नेमकी हीच पानं खाते. मादी पानाच्या खालच्या बाजूला एकेक अंडं घालते. अळीच्या अंगावर काळे, पांढरे, पिवळे पट्टे आणि पाठीवर काळ्या लवचिक शिंगांच्या तीन जोड्या असतात. पान खाण्याआधी ती पानाची शीर किंवा देठ कुरतडते. चिकाचा पुरवठा तुटला की पुढचा भाग निवांत खाते. चिकातलं विष तिच्या अंगात साठतं आणि फुलपाखरू झाल्यावरही राहतं. एकदा चव घेतलेला पक्षी पुन्हा त्या नारिंगी पंखांच्या वाटेला जात नाही. ते इतकं निर्धास्तपणे, संथ का उडतं, याचं कारण हे.

या नारिंगी पंखांची नक्कल करणारं दुसरं फुलपाखरूही आहे. डॅनेड एगफ्लायची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. तिच्या अंगात विष नाही, फक्त दिसणं उसनं घेतलेलं आहे. नर मात्र काळा, पंखांवर जांभळट कडेचे मोठे पांढरे ठिपके असलेला. तिची अळी कशावर वाढते? घोळीच्या भाजीवर. उन्हाळ्यात पाणी घातलेल्या कुंड्यांत घोळ आपोआप उगवते. सगळी उपटू नका. थोडी भाजीला, थोडी तिच्यासाठी.

आता रुईचं फूल जवळून पाहा. त्यातले परागकण पिठासारखे सुटे नसतात, छोट्या पिशव्यांत बांधलेले असतात. या पिशव्या काढून दुसऱ्या फुलात बसवायला ताकदीचा कीटक लागतो. ते काम मुख्यतः मोठा काळा भुंगा करतो, जो लाकडात भोक पाडून घर करतो. तो फुलावर बसला की पिशव्या त्याच्या पायांना अडकतात आणि पुढच्या फुलापर्यंत जातात. तो गुणगुणत जवळून गेला की लोक दचकतात. नराला नांगीच नसते आणि मादी सहसा तिला पकडल्याशिवाय डंख मारत नाही.

याच झुडपावर पिवळ्याधमक माव्याच्या रांगा दिसतील. त्या बघून लगेच औषध आणायची गरज नाही. थोड्या दिवसांत लाल-काळे लेडीबर्ड भुंगेरे आणि त्यांच्या अळ्या येऊन मावा खाऊ लागतात. पिवळ्या अंगावर निळे-हिरवे पट्टे असलेला एक देखणा टोळही रुईवर राहतो. त्याचं पिल्लू पकडलंत तर ते अंगावर द्रवाची चिळकांडी उडवतं, तेव्हा फोटो लांबूनच काढा. शेवटी शेंग फुटते आणि "म्हातारी" उडायला लागते, ती लहानपणी आपण सगळ्यांनी पकडलेली असते.

एक सूचना महत्त्वाची. रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होऊ शकते. लहान मुलं खेळतात तिथे रुई लावू नका, छाटताना हातमोजे घाला आणि चीक डोळ्यात गेलाच तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. आणि शनिवारी मारुतीच्या हारासाठी पानं तोडत असाल तर पान उलटून बघा. खाली अंडं किंवा अळी असेल तर शेजारचं पान घ्या.

तुमच्या आवारात आधीच कोण कोण राहतं?

फुलपाखरांसाठी झाडं लावायची म्हटलं की लोक नर्सरीत धावतात. आधी आवारात फेरी मारा. निम्मी झाडं तिथेच असतात.

गेटजवळचा उंच सरळ खोटा अशोक आणि परसातलं सीताफळ टेल्ड जेचं घर आहे. हे काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं, एका जागी न थांबणारं फुलपाखरू. आंब्याच्या पानावर कॉमन बॅरनची अळी असते. ती पानाच्या मधल्या शिरेवर लांबट पसरते आणि अंगावरची पिसासारखी काट्यांची झालर दोन्ही बाजूंना टेकवते. अळी कुठे आहे हे सांगितलं तरी पटकन दिसत नाही. कण्हेर, उंबर, वड यांवर कॉमन क्रो, म्हणजे हबशी, वाढतो. त्याचा कोष चांदीच्या डुलासारखा चकाकतो. एरंडावर त्याच्याच नावाचं कॉमन कॅस्टर. चित्रकावर झेब्रा ब्लू.

आंब्यावरच्या बांडगुळाबद्दल मतभेद होतील. बांडगूळ झाडाचा रस शोषतं, म्हणून ते काढायलाच हवं असं सगळे म्हणतात आणि बागायतदाराच्या बाजूने ते खरंही आहे. पण पिवळा-लाल रंग ल्यालेलं हळदीकुंकू, म्हणजे कॉमन जेझबेल, बांडगुळावरच अंडी घालतं, तीही एकगठ्ठा. ज्या झाडापासून फळाची अपेक्षा नाही, त्यावर एखादी फांदी बांडगुळाची राहू दिली तर काही बिघडत नाही, असं माझं मत आहे.

फक्त बाल्कनी असेल तर पानफुटी लावा. पान मातीत खोचलं तरी रुजतं, उन्हाळ्यात पाणी कमी लागतं. तिच्यावर रेड पिअरो येतं. काळं-पांढरं आणि मागच्या पंखांवर नारिंगी पट्टा असलेलं हे छोटं फुलपाखरू. त्याची अळी पानाच्या आत शिरून गर खाते, बाहेरून फक्त पारदर्शक झालेले डाग दिसतात. रोग समजून ती पानं काढून टाकू नका.

आणि महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू? २०१५ मध्ये ब्लू मॉर्मनला हा मान मिळाला. राज्य फुलपाखरू जाहीर करणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. मराठीत त्याला निलवंत म्हणतात. पंखांचा पसारा १२ ते १५ सेंटिमीटर, काळ्या मखमलीवर फिकट निळा रंग. त्याच्या अळीलाही लिंबाच्या कुळातलीच झाडं लागतात. पपनस किंवा जुनं लिंबू असलेल्या, सावली-ओलावा असलेल्या बागेत ते मुंबई-पुण्यातही येतं. थोडक्यात, लिंबाच्या रोपावर फवारणी करणारा माणूस राज्य फुलपाखराच्या अळीवरही फवारत असू शकतो.

लिंबाचं रोप छोटं असेल तर दोन-तीन अळ्या ते पूर्ण फस्त करतात, हे खरं आहे. म्हणून एक रोप आपल्यासाठी ठेवा आणि अळ्या दुसऱ्या रोपावर, मोठ्या लिंबावर किंवा बेलावर हलवा. अळीला हाताने ओढू नका, पानासकट फांदी कापून नव्या झाडावर टेकवा. उन्हाळ्यात अंड्यापासून फुलपाखरापर्यंतचा प्रवास साधारण महिन्याभरात संपतो आणि खाल्लेलं रोप पुन्हा फुटतं.

खाजेची भीती वाटते, त्याबद्दलही बोलू. फुलपाखरांच्या बहुतेक अळ्या खाज आणत नाहीत. शेवग्याच्या खोडावर झुंडीने बसणारे केसाळ सुरवंट पतंगांचे असतात. ते मात्र टाळलेलेच बरे.

फुलं कोणती ठेवायची?

उन्हाळ्यात सगळ्यात विश्वासू फूल म्हणजे एकदांडी. लांब दांड्यावरचं पांढऱ्या पाकळ्यांचं, पिवळ्या मध्याचं चिमुकलं फूल. खरचटल्यावर चोळायचा दगडी पाला तो हाच. वर्षभर फुलतं, छोट्या निळ्या आणि पिवळ्या फुलपाखरांची त्यावर गर्दी असते. हे मूळचं अमेरिकेतलं तण आहे, पण आता गवतात सगळीकडे आहेच. मुद्दाम लावायची गरज नाही, दर पंधरा दिवसांनी गवत जमिनीपर्यंत कापू नका, एवढंच.

रानात या दिवसांत धायटी, करवंद, कुडा फुललेले असतात. जागा मोठी असेल तर कुडा जरूर लावा. कुंड्यांसाठी सदाफुली, एकेरी झिनिया, पेंटास आणि एक्झोरा चालतात. एकेरी शब्द महत्त्वाचा आहे. भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या जातींत मध कमी असतो किंवा सोंड तिथपर्यंत पोचत नाही. फोटोत त्या छान दिसतात, कीटकांसाठी त्या बंद दुकानासारख्या असतात.

टणटणी, म्हणजे घाणेरी, लावावी का? फुलपाखरं तिच्यावर तुटून पडतात, त्यामुळे अनेक यादीत तिचं नाव पहिलं असतं. पण इंग्रजांच्या काळात शोभेसाठी आणलेल्या या झुडपाने देशभरातल्या जंगलांत मूळच्या झाडोऱ्याची जागा बळकावली आहे. तिची फळं पक्षी खातात आणि बिया डोंगरावर पेरतात. बागेत आधीच असेल तर तुमचा निर्णय, नवीन मात्र लावू नका.

पाणी, चिखल आणि सडका आंबा

फुलपाखरांसाठी भांडंभर पाणी ठेवून उपयोग नाही. त्यांना ओला चिखल लागतो. उथळ मातीच्या ताटलीत माती-वाळू भरा, चिमूटभर मीठ किंवा थोडी राख टाका आणि ती ओलसर ठेवा. वर पाणी साचू देऊ नका, म्हणजे डासही होणार नाहीत. चिखलावर बसतात ते बहुतेक नर. त्यातले क्षार ते शोषून घेतात आणि मीलनाच्या वेळी त्यातला काही भाग मादीला देतात, जो पुढे अंड्यांसाठी वापरला जातो.

काही फुलपाखरं फुलांकडे फारशी फिरकतच नाहीत. बॅरन, इव्हनिंग ब्राउन, ब्लॅक राजा यांना आंबलेली फळं आवडतात. आपल्याकडे मे महिन्यात याची कमतरता नाही. डागी आंबा, जास्त पिकलेलं केळं किंवा फणसाचा चोथा एका कोपऱ्यात, झाडाच्या सावलीत ठेवा. शेजाऱ्यांना माश्यांचा त्रास होणार नाही इतपतच.

"आमच्या बाल्कनीत हमिंगबर्ड आला!"

असा व्हिडिओ दर उन्हाळ्यात कुणीतरी टाकतं आणि तो हजारो वेळा फॉरवर्ड होतो. भारतात हमिंगबर्ड नाही. तो पक्षी फक्त अमेरिका खंडांत आढळतो. तुम्हाला दिसतो तो हॉक मॉथ, हवेत एका जागी थांबून लांब सोंडेने मध पिणारा पतंग. त्याच्या काही जाती दिवसाढवळ्या फिरतात. चोच, पंख आणि पिसं असलेला खरोखरचा छोटा पक्षी असेल तर तो शिंजीर.

तगरीवर किंवा कण्हेरीवर बोटाएवढी जाड हिरवी अळी आणि तिच्यावर डोळ्यांसारखे दोन निळे ठिपके दिसले, तर तीही अशाच एका हॉक मॉथची. ती निरुपद्रवी आहे.

गुलाबाच्या पानाचे कुणीतरी कंपासने कापल्यासारखे गोल तुकडे नेले असतील, तर ते एका एकट्या राहणाऱ्या माशीचं काम आहे. ती पिल्लांच्या खोल्यांना त्याचं अस्तर लावते. टोमॅटो-वांग्याच्या फुलाला लटकून मोठ्याने गुंजन करणारी, पोटावर निळे पट्टे असलेली माशी दिसली तर खूश व्हा. त्या कंपनांनीच या फुलांतले पराग सुटतात आणि वांगी धरतात. सातेरी आणि फुलोरी मधमाश्या तर असतातच.

फवारणी न करता चालेल का?

फुलपाखरू बागेत चालवावंच लागेल. इथे एक गैरसमज आहे की "सेंद्रिय" म्हणजे सुरक्षित. बीटी नावाने मिळणारं जिवाणूजन्य औषध सेंद्रिय शेतीत वापरतात आणि ते मारतं अळ्यांनाच. कडुनिंबाच्या तेलानेही अळीची वाढ थांबते. नर्सरीतल्या रोपांवर आधीच औषध मारलेलं असू शकतं आणि काही औषधं झाडाच्या रसात भिनतात. म्हणून नवीन रोप आणलं की पहिल्या काही आठवड्यांत त्यावर अळ्या हलवू नका. डासांसाठी केलेली धूरफवारणी डास आणि फुलपाखरू असा भेद करत नाही. डेंग्यूच्या दिवसांत ती थांबवा असं कुणी म्हणणार नाही, पण साचलेलं पाणी काढलं तर तिची वेळ कमी वेळा येते.

काही अळ्या तरीही मरतील. मुंग्या अंडी नेतील, बुलबुल अळ्या उचलेल, छोटी गांधीलमाशी अळीच्या अंगात स्वतःची अंडी घालेल. कोळी फुलातच दबा धरून बसलेला असेल. शंभर अंड्यांतून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच फुलपाखरं होतात. म्हणून मादी इतकी अंडी घालते. प्रत्येक अळीला वाचवायला जाऊ नका.

मे अखेरीला एक काम

पावसाळ्याआधी बहुतेक सोसायट्यांत झाडांची छाटणी आणि "साफसफाई" होते. कोष नेमके याच वेळी कुंडीच्या कडेला, पाइपवर, खिडकीच्या चौकटीखाली किंवा वाळक्या काडीवर लटकलेले असतात. माळी यायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी एक फेरी मारा आणि कोष असलेल्या फांद्यांना रंगीत दोरा बांधा. फांदी कापली गेलीच, तर कोषासकट ती काडी दुसऱ्या झाडावर सावलीत, मुंग्यांपासून दूर, आधी होती तशाच दिशेने बांधून ठेवा. कोष काळपट किंवा पारदर्शक होऊन आतले पंखांचे रंग दिसायला लागले की समजायचं, फुलपाखरू बहुधा पुढच्या एक-दोन दिवसांत सकाळच्या वेळी बाहेर येईल. त्याचे पंख सुकेपर्यंत तास-दोन तास त्याला हात लावू नका.